अभ्र्यातल्या साखळ्या

बर्फ बघायला जायचं, हे मी ठरवलेलं नव्हतं. ते मुलीच्या शाळेतल्या बाईंनी ठरवलं. पण एकदा त्यांनी ठरवल्यावर माझ्याइतकं ते कुणी मनावर घेतलं नसेल, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

परदेशात येऊन आम्हाला तीन महिने झाले होते. मी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढतो. म्हणजे पाणी कुठून कुठे जाईल हे मला कळतं, बाकी फारसं काही कळत नाही, असं बायकोचं मत आहे. आमची मुलगी नऊ वर्षांची. तिला घरात सगळे टकळी म्हणतात. हे नाव माझ्या आईनं ठेवलं आणि त्यात तिची काही चूक नव्हती. पोरीचं तोंड सकाळी डोळ्यांच्या आधी उघडतं. झोपेतसुद्धा ती कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असते.

आणि ही मुलगी तीन महिन्यांत वर्गात एक शब्दही बोललेली नाही, असं बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं.

"तिला सगळं समजतं," बाई म्हणाल्या. "लिहितेही छान. पण हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते."

बाई स्वभावानं चांगल्या होत्या, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. त्या हळूच म्हणाल्या, की ही टर्म संपायच्या आत ती वर्गासमोर बोलली नाही, तर पुढच्या टर्मपासून तिला एक इयत्ता खाली, लहान मुलांत बसवावं लागेल. टर्म संपायला आठवडा होता आणि तोंडी काम एकच उरलं होतं. वर्गाच्या भिंतीवर 'माझा बर्फ' नावाचा तक्ता होता. प्रत्येकानं आपला बर्फातला फोटो तिथं लावायचा आणि फोटोखाली उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. बावीस फोटो लागले होते. तेविसाव्या जागी नुसती टाचणी टोचलेली होती.

"मी बर्फ बघितलाच नाहीये, तर बोलू काय?" घरी आल्यावर टकळीनं मला विचारलं. "खोटं बोलू का, बाबा?"

"शनिवारी," मी म्हणालो. "शनिवारी बर्फ."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. बल्ब बदलायला मी स्टुलावर चढतो तेव्हा ती असंच बघते.

आमच्या शहरात बर्फ पडत नाही. तो दोन तासांवरच्या डोंगरात, घाटाच्या वर पडतो. ही माहिती मला ऑफिसातल्या एकाकडून मिळाली. त्याला मी मनात अनुभवी म्हणतो. हा आमच्याच भाषेतला माणूस, अकरा वर्षांपूर्वी इथं आलेला. त्यामुळे आपल्यानंतर आलेल्या प्रत्येकाशी तो वयानं मोठा असल्यासारखा वागतो. "अरे, बर्फात विशेष असं काही नसतं," असं म्हणून तो त्यात विशेष काय काय असतं ते चाळीस मिनिटं सांगत राहिला. मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढव आणि मग बूट घाल. बर्फाकडे एकटक बघू नकोस. पडलास तर घाईनं उठू नकोस, आधी आजूबाजूला बघून घे. हे शेवटचं का, ते त्यानं सांगितलं नाही. स्वतःचं एक जाड जॅकेटही त्यानं दिलं. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. जॅकेट घालून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा टकळी म्हणाली, "बाबा, तुझे हात कुठे गेले?"

हिवाळ्यात घाटात गाडी न्यायची तर परवाना लागतो, हे मला रस्ते खात्याच्या खिडकीवर कळलं. अर्जात अकरावा प्रश्न होता, 'बर्फात गाडी चालवण्याचा पूर्वानुभव'. मी खरं ते लिहिलं, 'नाही'. खरं लिहिण्याची ही खोड मला जन्मभर नडत आली आहे.

"अनुभव नसलेल्यांना परवाना मिळत नाही," खिडकीमागच्या बाई म्हणाल्या.

"पण गेल्याशिवाय अनुभव येणार कसा?"

"हे विचारणारे तुम्ही आजचे चौथे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खालच्या खणातून दुसरा कागद काढला. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या घालतात. अर्जदाराला त्या साखळ्या वीस मिनिटांत, स्वतःच्या हातानं बसवता येतात, असं एखाद्या जाणत्या ड्रायव्हरनं लिहून द्यायचं होतं. शुक्रवारी चारच्या आत.

आमचं नशीब एवढंच, की जाणता ड्रायव्हर आमच्या डोक्यावरच राहत होता. वरच्या मजल्यावरच्या काकांनी चौतीस वर्षं त्याच घाटात बस चालवली होती. आता निवृत्त होऊन ते दिवसभर बाल्कनीत उभे असत आणि खाली लोक गाड्या कशा लावतात ते बघून उसासे टाकत. स्वतःची गाडी त्यांनी केव्हाच विकली होती, पण साखळ्या मात्र ठेवल्या होत्या. त्या त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवल्या. लेक सासरी पाठवताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"गंज लागू देऊ नका," ते म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी मी पार्किंगमध्ये सराव सुरू केला. पहिल्यांदा एक तास दहा मिनिटं लागली. एवढ्या वेळात तळमजल्यावरच्या काकू खुर्ची घेऊन आल्या होत्या, आणि पत्रं टाकायला आलेला पोस्टमन पिशवी खाली ठेवून उभा राहिला होता. काकूंचं म्हणणं पडलं, की चाकातली हवा थोडी सोडावी. पोस्टमनचं म्हणणं पडलं, की चाकच काढून घ्यावं. बाल्कनीतून काका फक्त एकच शब्द बोलत होते.

"उलटी."

मी साखळी काढून पुन्हा घातली.

"उलटी."

पुन्हा काढली.

"आता सुलटी आहे," काका म्हणाले, "पण मागच्या चाकाला. ओढणारी चाकं पुढं असतात."

काकू हसल्या. मला राग आला. उभ्या आयुष्यात मी गटाराच्या पाइपापासून धरणाच्या पाइपापर्यंत सगळं बसवलंय, कागदावर का होईना, आणि चार लोकांसमोर एका साखळीनं माझी अशी शोभा करावी? गुरुवारी मी ऑफिसातून लवकर आलो. एक्केचाळीस मिनिटं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आलो. एकोणीस मिनिटं! अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं, पण मान ताठ होती. काकांनी खाली येऊन साखळी ओढून बघितली, घड्याळ बघितलं आणि दाखल्यावर लिहिलं, 'साखळ्या बसवता येतात. बसवताना फार बोलतो.'

चारला पाच कमी असताना परवाना माझ्या हातात होता.

आता इथं आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्याकडे स्वतःची वस्तू वापरतात आणि दुसऱ्याची वस्तू जपतात. शेजारचं पातेलं आमच्याकडे आलं तर ते आमच्या पातेल्यांपेक्षा जास्त चकचकीत होऊन परत जातं. साखळ्या तर चौतीस वर्षांच्या मायेच्या. शुक्रवारी संध्याकाळी बायकोनं त्या गरम पाण्यानं धुतल्या, फडक्यानं पुसल्या, केस वाळवायच्या यंत्रानं कोरड्या केल्या. मी प्रत्येक कडीला तेलाचं बोट लावलं. मग निळ्या पट्ट्यांच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून, गाठ मारून, तिनं त्या कपाटाच्या तळाशी ठेवल्या.

"गाडीतच ठेवल्या असत्या," मी म्हणालो.

"लोकाची वस्तू रात्रभर गाडीत?" ती म्हणाली, आणि मला माझीच लाज वाटली.

शनिवारी आम्ही सहाला उठलो आणि सव्वानऊला निघालो. मधला सगळा वेळ कपडे घालण्यात गेला. टकळीच्या अंगावर तीन स्वेटर, त्यावर रेनकोट. तिचे हात खाली येईनात. पायांतल्या पिशव्यांमुळे आम्ही तिघंही चालताना कुरकुर वाजत होतो. कपाटाच्या तळातून अभ्रा मी स्वतः काढला. वजन बरोबर होतं, आत लोखंड वाजतही होतं.

दोन तास टकळी अखंड बोलत होती. पण घाटाचा नाका दिसला आणि ती गप्प झाली. परकं माणूस समोर आलं की तिचं हे असं होई.

नाक्यावर लाल-पांढरा दांडा होता, एक खोली होती आणि खोलीत एक पहारेकरी. मी परवाना दिला. दाखला दिला. त्यानं दोन्ही शांतपणे वाचले. "फार बोलतो," हे त्यानं मोठ्यानं वाचलं आणि मान डोलावली. "कागद उत्तम आहेत. आता साखळ्या दाखवा."

ह्याच क्षणासाठी मी नख काळं करून घेतलं होतं. मी डिकी उघडली, अभ्रा उचलला, त्याच्या टेबलावर ठेवला, सावकाश गाठ सोडली आणि रिकामा केला.

टेबलावर आमचा लोखंडी खलबत्ता आला.

येताना माझ्या आईनं तो हट्टानं बॅगेत घातला होता. "मिक्सर बिघडतो, हा बिघडत नाही," असं म्हणून. आम्ही तो तीन महिन्यांत कपाटातून एकदाही बाहेर काढला नव्हता. निळ्या पट्ट्यांचे अभ्रे अर्थातच जोडीनं घेतलेले होते. एकात खलबत्ता होता, एकात साखळ्या, आणि दोन्हींना गाठ एकाच हातची.

पहारेकऱ्यानं बत्ता उचलला. उलटसुलट करून बघितला. मग बाहेर येऊन माझ्या गाडीची चाकं बघितली.

"हे नेमकं कुठं बसवतात?" त्यानं विचारलं.

त्याची चेष्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मला ते चेष्टेपेक्षा जास्त लागलं. मी बायकोकडे बघितलं. ती डोंगराकडे बघत होती.

"साखळ्या घरी राहिल्या," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला बसवता येतात, पण बसवायला नाहीत," तो म्हणाला. "गाडी सोडता येणार नाही, साहेब."

टकळी बायकोच्या कानाला लागली. हळूच बोलली, पण मला ऐकू आलं. "आई, परत जाऊया. मी बसेन लहान मुलांत. मला चालेल."

ती असं म्हणाली नसती तर मी परत फिरलो असतो, हे आज कबूल करतो. पण 'मला चालेल' हे तिच्या तोंडी मला अजिबात चाललं नाही.

"पायी गेलं तर?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

त्यानं नियमांचं पुस्तक काढलं. गाड्या होत्या, ट्रक होते, गुरंसुद्धा होती. पायी माणसं नव्हती. "तसं काही लिहिलेलं नाही," तो नाराजीनं म्हणाला. "बर्फ अडीच किलोमीटरवर लागेल. चारच्या आत खाली या."

मी गाडी बाजूला लावली, टेबलावरचा खलबत्ता तावातावानं काखेत मारला आणि ताडताड चालायला लागलो. पहिलं वळण ओलांडल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, हे कशाला घेतलंत?"

मी काखेत बघितलं. खरंच, कशाला घेतला होता? पण आता परत जाऊन तो गाडीत ठेवायचा म्हणजे त्या माणसाच्या खिडकीवरून दोनदा जायचं. एकदा खाली आणि एकदा वर.

"असू दे," मी म्हणालो.

चार-साडेचार किलोचं लोखंड, काखेत, अडीच किलोमीटर चढावर. मी काख बदलली, हात बदलले, खांद्यावर घेतला, शेवटी बाळासारखा कडेवर घेतला. बायको दोनदा म्हणाली, "द्या इकडे." मी दिला नाही. माणसाला निदान स्वतःची चूक तरी स्वतः वाहता आली पाहिजे. साखळ्या लावलेल्या गाड्या आमच्या शेजारून खळखळ करत वर जात होत्या आणि आतली माणसं माना वळवून माझ्या कडेवर बघत होती.

दीड तासानं बर्फ लागला. आधी रस्त्याच्या कडेला काळपट, चिखल मिसळलेला ढीग दिसला. टकळी म्हणाली, "हाच?" पण पुढच्या वळणावर झाडी संपली, समोर उतार लागला आणि तो उतार सगळाच्या सगळा पांढरा होता. मी मुलीसाठी म्हणून आलो होतो, पण बर्फ मीही कधी बघितलेला नव्हता, हे मला तिथं पहिल्यांदा आठवलं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईनं पुढं पाऊल टाकलं आणि पडलो.

अनुभवीनं सांगितल्याप्रमाणे आधी आजूबाजूला बघून घेतलं. दोन कुटुंबं माझ्याचकडे बघत होती. मी उठलो, जॅकेट झाडलं, खलबत्ता उचलला.

"फोटो," मी म्हणालो. "आधी फोटो, मग मजा."

इथं माझ्या स्वभावानं घात केला. टकळीला मी उतारावर उभं केलं. टोपी तिरपी होती, ती सरळ केली. रेनकोट वाईट दिसत होता, तो काढला. मागून एक गृहस्थ जात होते, ते जाईपर्यंत थांबलो. मग प्रकाश डोळ्यांवर येत होता म्हणून जागा बदलली. "बाबा, काढ ना!" "थांब, हस जरा. एवढं नको." सगळं जमलं, मी फोन समोर धरला, आणि फोन बंद पडला. थंडीनं बंद पडला म्हणायला जागा आहे. पण सकाळपासून मी परवान्याचा, दाखल्याचा, रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीचा पुरावा म्हणून फोटो काढला होता, हेही खरं. बायकोचा फोन घरी चार्जिंगला होता.

तेविसावी टाचणी माझ्या डोळ्यांसमोर आली. फोन काखेत धरून ऊब द्यावी, म्हणून मी गर्रकन वळलो आणि दुसऱ्यांदा पडलो. फोन काही उठला नाही. मी उठलो.

परक्या माणसांसमोर होते तशी टकळी आमच्यासमोर गप्प झाली. हे मी कधी बघितलं नव्हतं. मी तिच्याकडे जायला निघालो. बत्ता माझ्या उजव्या हातात होता, खल डाव्या. तिच्यापाशी पोचायला दोन पावलं राहिली आणि मी तिसऱ्यांदा पडलो. ह्या वेळी खल सुटला. तो उतारावरून गडगडत निघाला, मागोमाग मी बसल्या बसल्या निघालो, आणि बत्ता हातात उगारलेला असल्यामुळे समोरून येणारी माणसं भराभर बाजूला झाली. तळाशी खल एका ढिगात तोंड खुपसून थांबला. मी त्याच्यावर जाऊन थांबलो.

वरून मला हसण्याचा आवाज आला. टकळी पोट धरून, खाली बसून हसत होती, आणि तशीच घसरत माझ्यापर्यंत आली. "बाबा, तू बत्ता घेऊन लोकांच्या मागे लागला होतास! त्या आजी किती जोरात पळाल्या!" मग तिनं खल उपसून काढला आणि आत बघितलं. तो बर्फानं काठोकाठ भरलेला होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "फोटो कशाला? हाच नेऊया ना."

मग आम्ही बत्त्यानं बर्फ कुटून कुटून त्या खलात भरला. आईनं तो ह्यासाठी दिला नव्हता, पण कामाला आला. वरून बायकोनं लोकरीचा स्कार्फ गुंडाळला. लोकरीत बर्फ वितळेल की टिकेल, यावर खाली पोचेपर्यंत आमचं भांडण चाललं. नाक्यावर पहारेकऱ्यानं स्कार्फ बाजूला करून आत बघितलं.

"असं होय," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं होतं.

रविवारभर फ्रीजरमध्ये खल होता आणि फ्रीजरमधलं सगळं बाहेर होतं. टकळी तासातासाला उघडून बघत होती आणि बायको तासातासाला ओरडत होती. दुपारी वरचे काका साखळ्या न्यायला आले. त्यांनी एकेक कडी बोटांनी चाचपली.

"चौतीस वर्षांत घाटातून अशा कधी आल्या नाहीत," ते म्हणाले. "एक ओरखडा नाही."

मी साखळ्या पुन्हा अभ्र्यात भरायला लागलो. बायकोनं चहा पुढं केला. पण टकळी खोलीतून बाहेर आली, काकांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "त्या कपाटात होत्या." तीन महिन्यांत तिनं परक्या माणसाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ते माझी अब्रू घालवणारं होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी काकांना दुसरा चहा ओतला.

सोमवारी ती खल घेऊन शाळेत गेली. बत्ताही नेला. मी ऑफिसात नकाशावर पेन्सिल धरून बसलो होतो, पण एकही पाइप जोडला नव्हता. अकराला दहा कमी असताना बाईंचा फोन आला.

"बाई, बोलली का ती?"

"दोन मिनिटं दिली होती," बाई म्हणाल्या. त्यांच्यामागे मुलांच्या हसण्याचा गलका ऐकू येत होता. "पंचवीस झालीत. बर्फाचं केव्हाच पाणी झालं. साखळ्या झाल्या, पहारेकरी झाला, आता तुम्ही पडला आहात आणि मुलं हलायला तयार नाहीत. माझा गणिताचा तास सुरू व्हायचाय. तिला थांबवू का?"

मी पेन्सिल नकाशावर ठेवली.

"थांबवू नका, बाई," मी म्हणालो. "मी अजून दोनदा पडायचा आहे."